चोविसांत एक

भिवपुरीस एकदां पाऊस लागला म्हणजे मनुष्यास घरांत बसण्यावांचून गत्यंतर नसतें. डोंगरांचे माथे ढगांत नाहींसे होतात, माथेरानची बाजू पाटीवरील अक्षरांसारखी पुसून जाते, आणि वीजघराकडे उतरणारे पाण्याचे ते अजस्र नळ मधून मधून दिसले तर दिसतात. अशा दिवसांत आमच्या वयाच्या गृहस्थानें पोथी उघडावी, निदान वर्तमानपत्र तरी नीट वाचावें, अशी घरच्या मंडळींची अपेक्षा असली तर तिला कोणी नांवें ठेवणार नाहीं. आम्ही मात्र गेले दोन पावसाळे माडीवरील खिडकीशीं बसून, वीतभरही लांबी नसलेली एक मोटार रंगवीत होतों. वहिनींनीं पहिल्या पावसाळ्यांत तिकडे हंसून पाहिलें; दुसऱ्यांत पाहण्याचेंच सोडून दिलें.

ही मोटार म्हणजे आमचे वडील बंधु दादा यांनीं १९६९ सालीं घेतलेल्या फियाट ११०० डिलाइट गाडीची चोविसांत एक या प्रमाणाची प्रतिकृति. तरुण वाचकांस ही गाडी पद्मिनी या नांवानें अधिक ठाऊक असेल. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत आधीं, लोक जिला डुक्कर फियाट म्हणत ती गोलसर गाडी, आणि पुढें १९६४ पासून ही चौकोनी अंगाची डिलाइट तयार होऊं लागली. तिलाच १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी म्हणूं लागले. (आमच्या भागाची आणि वालचंदांची ओळख मोटारीहून जुनी आहे; येथून जवळच्या बोरघाटांतील रेल्वेच्या बोगद्यांचें काम त्यांच्या कंपनीनें केलें होतें.) मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हटली कीं हीच गाडी, हें समीकरण दोन पिढ्या टिकलें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. ती बातमी दादांनीं आमच्याकडून दोनदां वाचून घेतली. त्यांची दृष्टि आतां इतकी अधू झाली आहे कीं समोरच्या माणसाची बाह्याकृति तेवढी त्यांस दिसते, चेहरा दिसत नाहीं.

दादांनीं आपलीं उमेदीचीं सारीं वर्षें येथील वीजघरांत घालविलीं. ठोकरवाडीच्या धरणाचें पाणी डोंगर उतरून खालीं यावें आणि त्यानें चक्रें फिरवावीं, हा उद्योग येथें १९२२ पासून चालला आहे. दादा त्यांत १९५८ सालीं शिरले. त्या काळीं मोटार ही दुकानांत जाऊन घेण्याची वस्तु नव्हती. पैसे भरावे आणि उपवर मुलीच्या बापाप्रमाणें वाट पाहावी, असा प्रकार होता. चार वर्षांनीं नंबर लागला. फिकट निळ्या रंगाची ती गाडी दारांत येऊन उभी राहिली तेव्हां आईनें तिची दृष्ट काढली, व शेजारच्या मंडळींनीं तिला हात लावून पाहिला. पुढें पंधरा वर्षें आमच्या घरांतील लग्नें, मुंजी, बाळंतपणें आणि दुखणीं या गाडीनें वाहिलीं. १९८४ सालीं ती विकली.

बातमीनंतर थोड्याच दिवसांनीं दिवाळी आली, आणि पुण्यास इंजिनिअरिंग शिकणारा दादांचा नातू घरीं आला तो, "आपली गाडी करायची," असें म्हणतच. हल्लीं थ्रीडी प्रिंटर म्हणून जें यंत्र निघालें आहे तें पातळ राळेचे केसाहूनही बारीक थर एकावर एक गोठवून हवी ती वस्तु घडवितें. त्यानें जुन्या पुस्तिकेंतील मापें घेतलीं, आल्बमांतला एक फोटो घेतला, आणि माघांत एक खोका आमच्यापुढें आणून ठेवला. आंत गाडीचें कवच, बॉनेट, इंजिन, चाकें, बैठकी असे सत्तर-ऐंशीं तुकडे होते. सारे राखी रंगाचे, आणि साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. "माप बरोबर आहे काकाआजोबा, पण ही आपली गाडी वाटत नाहीं," तो म्हणाला, "तेवढें तुम्ही करा."

आमची या कलेची पूर्वतयारी म्हणजे दिवाळींतले किल्ले. महाराष्ट्रांतील मुलांस मातीचा गड करावयास कोणी शिकवावें लागत नाहीं. दगड रचून, वर पोतें घालून, चिखलाचा गिलावा करून आणि हळीव पेरून हिरवळ उगविण्याचें ज्ञान त्यांस उपजतच असतें. त्या किल्ल्यांत प्रमाण मात्र औषधालाही नसतें. बुरुजाहून मावळा उंच, मावळ्याहून वाघ मोठा, आणि सिंहासनावरील महाराज तर सबंध गडाला व्यापून उरलेले. प्रमाणाचा धाक काय असतो तें आम्हीं प्रथम पाहिलें पुण्यास, कोथरुडांतील भाऊ जोशी यांच्या लघुरेल्वेच्या संग्रहालयांत. १९९८ पासून लोकांस खुलें असलेल्या त्या संग्रहालयांत सत्त्याऐंशींत एक या मापाच्या आगगाड्या धांवतात, आणि फलाटावरील माणूस डब्याच्या दारांतून आंत जाऊं शकेल एवढाच असतो. आमच्यासारख्या किल्लेवाल्यास तें पाहून थोडी शरमच वाटली.

चोविसांत एक हा भागाकार मोठा गमतीचा आहे. फियाटच्या पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर २३४० मिलिमीटर. आमच्या गाडींत तें साडेसत्त्याण्णव. चवदा इंची चाकाचा व्यास झाला पंधरा मिलिमीटरांना किंचित् कमी. १०८९ घन सेंटिमीटरांचें तें चार सिलिंडरांचें इंजिन काड्यापेटींत राहील एवढें. ठिणगीच्या प्लगांना जाणाऱ्या तारा खऱ्या गाडींत सात मिलिमीटर जाड असतात; आम्हांस त्या तीन दशांश मिलिमीटरांच्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नातवाच्या मोडक्या इअरफोनच्या दोरींत. चार सिलिंडरांस ठिणगी एक, दोन, तीन, चार अशी ओळीनें मिळत नाहीं, मधें उडी घेऊन मिळते, हें दादांनीं आम्हांस बजावून ठेवलें होतें. म्हणून कोणती तार कोणत्या प्लगला जाते हें जुळविण्यांत आमच्या तीन संध्याकाळीं गेल्या. बॉनेट उघडल्याशिवाय त्या तारा कोणास दिसावयाच्या नाहींत, आणि उघडल्यावरही त्यांचा क्रम तपासणारा मनुष्य आमच्या ओळखींत एक दादाच.

माप साधलें तरी वस्तु खोटी कां दिसते, हें समजावयास आम्हांस पहिला पावसाळा पुरा लागला. गाडी चोविसानें भागतां येते. तिच्यावर पडणारा उजेड भागतां येत नाहीं. खऱ्या गाडीच्या पुढच्या जाळींत बोट घातलें तर आंत खोल काळोख असतो. आमची जाळी नखाएवढी. तिच्या खांचा इतक्या उथळ कीं खिडकींतला उजेड तळापर्यंत पोहोंचतो, आणि जाळी जाळी न वाटतां रेघा मारलेली पट्टी वाटते. म्हणून सावली आपणच घालावी लागते. काळा रंग थिनरांत कालवून ताकाच्या निवळीइतका पातळ करावा आणि कुंचल्यानें जाळीवर सोडावा. तो आपण होऊन खांचांत उतरतो. वर राहील तो कापडानें टिपून घ्यावा. इंग्रजींत याला वॉश म्हणतात. याच्या उलट कृति कोरड्या कुंचल्याची. रुपेरी रंगांत कुंचला बुडवून तो कागदावर पुसत राहावें, आणि रंग संपला असें वाटूं लागलें म्हणजे उंचवट्यांवरून हलकेंच फिरवावा. बोल्टांचीं डोकीं, इंजिनाच्या कडा, पेडलांचे कोपरे एकाएकी उजळतात. आम्हांस हें प्रथम साधलें त्या दिवशीं आम्ही जिना उतरून खालीं सर्वांस दाखवावयास गेलों, आणि भाजी निवडीत असलेल्या मंडळींकडून यथायोग्य स्वागत होऊन परत आलों.

बाकीचें सामान बहुतेक घरांतच सांपडलें. बंपराच्या व दिव्यांच्या कड्यांना चॉकलेटवरची चांदी. बैठकीच्या रेक्झिनला पातळ कागद चुरगाळून डिंकानें चिकटविलेला. कॅरियरला तांब्याची तार. गंजासाठीं गेरू. धूर ओकणाऱ्या नळीच्या तोंडाला देव्हाऱ्यांतील समईची काजळी, जी तेलकट असल्यामुळें तेथें फार शोभली. धुळीचा मात्र अनुभव निराळा आला. अस्सल भिवपुरीची माती घालावी म्हणून आम्हीं ती खलबत्त्यांत कुटली आणि मलमलींतून गाळली. पण तिचा कण चोविसांत एक गाडीवर खडीसारखा दिसूं लागला. शेवटीं टाल्कम पावडरींत चिमूटभर गेरू व चिमूटभर काजळी मिसळून भागविलें. खरी माती खोटी दिसली, आणि वहिनींच्या डब्यांतली पावडर खरी.

नवशिक्याचा मोह म्हणजे गंज. चार ठिकाणीं लावला कीं पांचव्या ठिकाणींही लावावासा वाटतो, आणि थोड्याच वेळांत गाडी विहिरींतून काढल्यासारखी दिसूं लागते. आमचें एक दार असें बिघडलें तेव्हां दादांनीं तें हातांत घेतलें, बोटानें चांचपलें, आणि विचारलें, "एवढा खरखरीतपणा कसला? आपली गाडी घरांत उभी असायची." त्या दिवसापासून आम्हीं त्यांस रोज तासभर माडीवर आणून बसवूं लागलों. दिसत नसलें तरी त्यांस गाडी पाठ होती. क्लचच्या पेडलाचें रबर उजव्या कडेला झिजलें होतें, कारण त्यांचा पाय तिरका पडे. डाव्या बाजूची कांच चार बोटें वर राही. ती उतरवितांना वहिनींची बांगडी फुटली होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे. त्याच्या मुठीवरील रंग अंगठ्याच्या जागीं गेला होता. पुढें गणपति होता तो दोन इंचांचा. आम्हीं तो तांदुळाच्या कणीवर कोरला, आणि तीन कण्या मोडल्यावर चवथीला सोंड आली. दादा सांगत व आम्हीं करावें, असा क्रम पडला. एवढ्या वर्षांत आम्हां दोघां भावांचें इतकें बोलणें कधीं झालें नव्हतें.

आणि या साऱ्या काळांत आम्ही एका गोष्टीची वाट चुकवीत होतों.

गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डाला एक पोचा होता. दोन मुठी बसतील एवढा. आल्बमांतील फोटो उजव्या अंगानें घेतलेला, म्हणून नातवास तो ठाऊक नव्हता. पोचा पडला १९७१ च्या श्रावणांत. आम्ही सतरा वर्षांचे होतों. दादा रात्रपाळी करून झोंपले होते, आई देवळांत गेली होती, आणि किल्ली खुंटीवर होती. गाडी पुढें घेऊन पुन्हां जागेवर आणावी, एवढाच बेत. दांडा पडला उलट्या गिअरांत, आणि गाडी मागें जाऊन विहिरीच्या काळ्या दगडी चौथऱ्यावर आदळली. आम्हीं ती कशीबशी जागेवर आणली, किल्ली खुंटीला लावली, व आंत जाऊन भूमितीचें पुस्तक उघडलें.

गाडी धुवावयास पलीकडच्या वाडींतला एक मुलगा येत असे. बाराएक वर्षांचा. महिना आठ रुपये, आणि सकाळीं एक कप चहा; तो कप कान तुटलेला, अंगणाच्या देवळींत निराळा ठेवलेला असे. त्या काळच्या आमच्यासारख्या घरांची ती रीत होती, आणि तीविषयीं कोणास कांहीं वाटत नसे. त्या सकाळींही तो गाडी धुवून गेला होता. दादांनीं त्यास बोलावून विचारलें. तो म्हणाला, मीं कांहीं केलें नाहीं. "मग हातब्रेक सोडला असशील," दादा म्हणाले, आणि उद्यांपासून येऊं नको असें सांगितलें. दादा मारकुटे किंवा दुष्ट नव्हते. गाडी आपोआप मागें जात नाहीं, एवढाच त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशीं त्याची आई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. फार बोलली नाहीं. आम्ही आंत पाटावर जेवीत होतों.

बॉनेटखालच्या तारांना आम्हीं तीन संध्याकाळीं दिल्या, आणि मडगार्ड गुळगुळीत ठेवून त्यावर निळ्या रंगाचे दोन हात मारले. दादा विसरले असतील, अशी आशा होती असें म्हणतां येणार नाहीं. ते कांहींच विसरत नाहींत हें आम्ही रोज पाहत होतों. गेल्या श्रावणांत गाडी पुरी झाली तेव्हां ती त्यांच्या हातांत दिली. त्यांनीं पुढच्या जाळीपासून बोट फिरवावयास आरंभ केला. दिवा, दार, कांच, मागचें दार. मग बोट थांबलें, मागें गेलें, आणि पुन्हां त्याच जागीं आलें.

"येथें पोचा होता," दादा म्हणाले.

"होता."

"मग?"

आम्हीं सांगितलें. सांगावयास दोन मिनिटें सुद्धां लागलीं नाहींत. चोपन्न वर्षें पुरलेली गोष्ट एवढीशी असते याचें आम्हांस त्या वेळींही आश्चर्य वाटलें. दादा ऐकत होते. त्यांनीं गाडी मांडीवर ठेवली, आणि बराच वेळ बाहेरच्या पावसाकडे तोंड करून बसले. मग त्यांनीं विचारलें, "त्या पोराचें नांव काय रे?"

आम्हांस तें आठवेना. त्यांसही आठवेना. गाडीचा नंबर दोघांस पाठ, दुसऱ्या किल्लीला बांधलेल्या दोऱ्याचा रंग दोघांस ठाऊक. आणि तें नांव दोघांनाही नाहीं. शेवटीं जिन्यांतून हांक मारून वहिनींस विचारलें. त्यांनीं स्वयंपाकघरांतून तात्काळ सांगितलें. इतकेंच नव्हे, तर तो गेल्याला दोन वर्षें झालीं, आणि त्याचा मुलगा कर्जतच्या स्टेशनावर मिनिडोअर चालवितो, हेंही सांगितलें. "तुम्ही बसतां कीं त्याच्या गाडींत," त्या म्हणाल्या.

खरेंच बसत होतों. कर्जतहून परततांना कितीदां तरी.

पुढच्याच आठवड्यांत औषधें आणावयास गेलों असतां परतीच्या वेळीं त्याच्या शेजारची पुढची जागा मिळाली. मागची मंडळी वाटेंत उतरल्यावर आम्हीं बोलावयास आरंभ केला. कसें सांगावें याची मनाशीं केलेली तयारी सारी फुकट गेली. वाक्यें उलटसुलट झालीं. त्यानें गाडी कडेला घेतली नाहीं, कीं आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. रस्त्यांत खड्डे फार होते. थोड्या वेळानें म्हणाला, "बाबा सांगायचे एकदोन वेळां. वीजघरच्या सायबांची गाडी." आणि मग, "त्यांना वाटायचं, हातब्रेक खरंच आपल्या हातनं सुटला असंल. लहान होतो, म्हणायचे, आठवत नाय."

यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. फाट्यावर उतरलों. त्यानें भाडें घेतलें, सुटे पैसे मोजून दिले, आणि ती छोटी गाडी बघावयास मिळेल काय असें विचारलें.

तो एका रविवारीं आला. तोंवर आम्हीं पोचा करावयास घेतला होता. पत्रा असता तर हातोडीनें ठोकला असता. राळ वांकत नाहीं, कोरावी लागते. दातांच्या डॉक्टरकडे असतें तसल्या बारीक फिरत्या गोल अणीनें आम्हीं साडेसात मिलिमीटरांचा खळगा पाडला, आणि त्याच्या मधोमध गेरू भरून गंज दाखविला. वहिनींनीं चहा आणला. चौघांचे कप एकाच ट्रेमधून आले. त्यानें गाडी दोन्ही हातांनीं उचलली, उजेडाकडे धरली, बॉनेट उघडून तारा पाहिल्या, आणि दांडा कोठें आहे हें पाहून हंसला. मग मडगार्डाशीं आला.

"गंज असा मधें नाय धरत, काका," तो म्हणाला. "पोच्याच्या कडेला पत्रा मुडपतो, तिथं रंग तडकतो. पाणी तिथनं शिरतं."

दादा म्हणाले, "बरोबर आहे."

आम्हीं मधला गेरू थिनरच्या बोळ्यानें पुसून काढला. दुपारपर्यंत तो शेजारीं बसून जागा दाखवीत होता, आणि आम्हीं सुईच्या अग्रानें कडेकडेनें निळा रंग खरवडून पुन्हां गंज लावीत होतों.